पत्त्यांच्या टूर्नामेंटला जज व्हायचंय? खान्देशातल्या नव्या पोरापोरींसाठी अगदी सुरुवातीपासून

आखाजी आली की आपल्याकडे पत्ते निघतात हे खान्देशात कुणाला सांगायला नको. त्यामुळे ट्रेडिंग कार्ड गेमच्या (कार्डं जमवून स्वतःची गड्डी म्हणजे डेक बांधून खेळायचा खेळ) स्पर्धेसाठी आम्ही जळगावात हॉल बघायला गेलो तेव्हा हॉलवाल्या काकांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "पैसे लावता का रे भो?" मी त्यांच्यासमोर मॅजिकचा एक डेक ठेवला, पोकेमॉनचा एक ठेवला आणि सांगितलं की काका, क्रिकेटला अंपायर असतो तसा यात जज असतो, नियम लिहिलेले असतात आणि पैज लावायला बंदी असते. काकांनी हॉल दिला. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे हा खेळ टिकायचा असेल तर चांगल्या प्लेअरइतकेच चांगले जज लागतील, आणि दर वेळी पुण्या-मुंबईहून कोण येणार, ते इथेच तयार करावे लागतील.

हे लिहितोय ते अशा माणसासाठी की ज्याला खेळ येतो, नियम बऱ्यापैकी माहीत आहेत आणि कुणीतरी त्याला म्हणालंय की पुढच्या रविवारी तू जज म्हणून उभा रहा. उदाहरणं जास्त करून मॅजिक द गॅदरिंगची देतोय, 1993 ला रिचर्ड गारफिल्डने केलेला हा गेम, आणि याच्याइतकी सविस्तर लिहिलेली पॉलिसी मी तरी दुसऱ्या गेमची पाहिली नाही. पोकेमॉन किंवा यू-गी-ओ घेणार असाल तर त्या त्या कंपनीची वेगळी कागदपत्रं आहेत, तीच लागू होतात, पण टेबलाजवळ जाऊन उभं कसं राहायचं ते सगळीकडे सारखंच.

पायरी 1: काय वाचायचं आणि कोणत्या क्रमाने

चार कागद आहेत, चारही फुकट मिळतात आणि चारही इंग्रजीत आहेत. कॉम्प्रिहेन्सिव्ह रूल्स म्हणजे खेळाचे सगळे नियम, शेकडो पानं, ते पाठ करायचं नसतं, डिक्शनरीसारखं शोधायचं असतं. टूर्नामेंट रूल्स म्हणजे स्पर्धा कशी चालवायची, राउंड किती वेळाचा, स्लीव्ह (कार्डावरचं प्लास्टिकचं कव्हर) कसे, कोण काय बोलू शकतो. इन्फ्रॅक्शन प्रोसीजर गाइड म्हणजे कोणत्या चुकीला कोणती पेनल्टी आणि चूक दुरुस्त कशी करायची. आणि चौथं जजिंग अ‍ॅट रेग्युलर, ते दोन-चार पानांचंच आहे, सुरुवात त्यानेच करा.

कारण स्पर्धेच्या लेव्हल तीन असतात, रेग्युलर, कॉम्पिटिटिव्ह आणि प्रोफेशनल. आपल्याकडे शुक्रवारी संध्याकाळी दहा-बारा पोरं जमून खेळतात ते रेग्युलर, तिथे चूक झाली की समजावून सांगायचं, दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं, पेनल्टी जवळजवळ नसतेच. मोठं बक्षीस असेल, पुढच्या स्पर्धेचं क्वालिफिकेशन असेल तेव्हा कॉम्पिटिटिव्ह, आणि मग गाइडमधल्या पेनल्ट्या लागू. नवीन जज सगळ्यात मोठी चूक इथेच करतो, रेग्युलरच्या खेळात कॉम्पिटिटिव्हचा कडकपणा आणतो आणि नववीतलं पोरगं रडत घरी जातं आणि परत येत नाही. स्पर्धेची लेव्हल कोणती हे आधी जाहीर करायचं, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

वाचायची एक रीत सांगतो जी मला उपयोगी पडली. रोज गाइडमधली एकच चूक वाचायची आणि मित्राला मराठीत समजावून सांगायची, घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत. सांगता आली म्हणजे समजली. अडखळलात तर परत वाचा, कारण उद्या टेबलावर पण तुम्हाला ती मराठीतच समजवायची आहे, समोरचा प्लेअर चोपड्याहून बसने आलेला असतो आणि त्याला इंग्रजी परिच्छेद वाचून दाखवून काही होत नाही.

पायरी 2: आदल्या दिवशी आणि सकाळी

डेकलिस्ट म्हणजे प्रत्येकाच्या डेकमधल्या कार्डांची यादी आधी घ्या. कन्स्ट्रक्टेड मॅजिकमध्ये (डेक घरूनच बांधून आणायचा प्रकार) मेन डेक कमीत कमी 60 कार्डं, साइडबोर्ड (दोन गेमच्या मध्ये बदलायला ठेवलेली कार्डं) जास्तीत जास्त 15, आणि बेसिक लँड (माना म्हणजे कार्ड टाकायची ऊर्जा देणारी साधी कार्डं) सोडून एका कार्डाच्या मेन आणि साइडबोर्ड मिळून 4 च कॉपी. पोकेमॉनला बरोबर 60, एक कमी नाही एक जास्त नाही. यू-गी-ओला मेन डेक 40 ते 60 आणि एकाच्या 3 कॉपी. लिस्ट हातात आली की लगेच मोजा, 59 कार्डांची लिस्ट पहिल्या राउंडच्या आधी सापडली तर पोरगा दोन मिनिटांत दुरुस्त करतो, तिसऱ्या राउंडला सापडली तर कॉम्पिटिटिव्हमध्ये गेम लॉसपर्यंत (मॅचमधला एक गेम हरल्याचं धरतात, पूर्ण मॅच धरली तर तो मॅच लॉस) प्रकरण जातं.

आता आपल्याकडची खास गोष्ट, ऊन. एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा 44-45 ला जातो आणि हवा कोरडी खट. फॉइल म्हणजे चकचकीत कार्डं अशा हवेत वाकतात, म्हणजे अक्षरशः होडीसारखी होतात, आणि डेकमध्ये बाकीची साधी आणि चारच फॉइल असतील तर डेक हातात घेतल्या घेतल्या कुठे फॉइल आहे ते कळतं. प्लेअरच्या मनात काही नसतं पण पॉलिसीनुसार ती मार्क्ड कार्ड्स झाली, त्याला वॉर्निंग आहे, आणि वाकलेली कार्डं नेमकी महत्त्वाचीच निघाली, त्यात पॅटर्न दिसला, तर गेम लॉस. म्हणून सकाळीच सांगून टाका की फॉइल वाकलेली असतील तर आत्ताच दाखवा, स्लीव्ह बदला, शक्य असेल तर साधी कार्डं घाला. घामाच्या हाताने स्लीव्ह पण लवकर खराब होतात, जास्तीचं एक पाकीट जवळ ठेवायला सांगा. घरून कार्डाची झेरॉक्स काढून आणली तर ती चालत नाही हे पण सांगा, प्रॉक्सी (बदली कार्ड) फक्त हेड जज म्हणजे मुख्य जज देऊ शकतो आणि ती पण मुख्यतः कार्ड स्पर्धेतच खराब झालं तर.

पंखे. पंख्याखालचं टेबल म्हणजे टोकन आणि लाइफचे कागद उडणार, टेबल थोडी बाजूला लावा. लाइट जाईल हे धरूनच चला, पेअरिंगचा (कोण कुणाशी खेळणार त्याचा) एक कागद छापून किंवा हाताने लिहून भिंतीवर लावा, फक्त मोबाइलवर विसंबू नका. टेबलांना नंबर लावा. राउंड किती वाजता संपणार ते मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहा.

राउंड किती ठेवायचे ते प्लेअरच्या संख्येवर, स्विस पद्धतीत (सारखे पॉइंट असलेले एकमेकांशी खेळतात) 8 पर्यंत असतील तर 3 राउंड, 17 ते 32 असतील तर 5, 33 ते 64 ला 6. जिंकला 3 पॉइंट, ड्रॉ 1, हरला 0. हरलेला पण पुढचा राउंड खेळतो हे घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर एक मॅच हरलं की वडील गाडी काढतात.

पायरी 3: कुणीतरी हात वर करून "जज" म्हणालं

इथून खरं काम सुरू होतं आणि इथेच मी जास्त वेळ घेणार आहे.

पळत जाऊ नका, पण रेंगाळू पण नका. टेबलाजवळ गेल्यावर आधी दोघांना थांबवा, पत्ते जिथे आहेत तिथेच राहू द्या, कुणी काही उचलायचं नाही, परत करायचं नाही. बऱ्याचदा काय होतं की चूक झाली हे कळल्यावर पोरं स्वतःच घाईघाईने सगळं मागे घेतात आणि मग तुम्हाला काय झालं होतं तेच समजत नाही. मग ज्याने बोलवलं त्याला विचारा काय झालं, पूर्ण ऐकून घ्या, नंतर दुसऱ्याला विचारा, तुझ्या मते काय झालं, पूर्ण ऐकून घ्या. मध्ये कुणी तोंड घातलं तर नम्रपणे सांगा की तुझी पाळी येतेय. आणि आजूबाजूला जी गर्दी जमते ना, "भो, त्याच्याकडे ब्लॉकर होता, काय करी ऱ्हायना तू", त्यांना तिथून हलवा. बाहेरच्याने चालू मॅचमध्ये सल्ला दिला तर कॉम्पिटिटिव्हला तो आउटसाइड असिस्टन्स होतो आणि सल्ला देणारा स्वतः त्या स्पर्धेत खेळत असला तर त्याला मॅच लॉस बसतो. आपल्याकडे झाडाखालच्या डावात बघणाऱ्याने बोलणं ही तर पद्धतच आहे, पोरं त्याच सवयीने बोलतात, त्यामुळे ही गोष्ट स्पर्धा सुरू व्हायच्या आधी सांगा. सांगितलं नाही आणि मग शिक्षा दिली तर त्या पोराला अन्याय वाटतो आणि मला पण तो अन्यायच वाटतो.

ऐकून झालं की आपल्या शब्दात परत सांगा, "म्हणजे तू अटॅक केला, याने ब्लॉक सांगितला, आणि मग तू हे कार्ड टाकलं, बरोबर?" दोघांनी हो म्हटलं की अर्धं काम झालं. नियम आठवत नसेल तर सरळ म्हणा, एक मिनिट, बघून सांगतो. उघडून बघा. घाईत चुकीचं रूलिंग देण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. कार्डावर छापलेला मजकूर जुना असू शकतो, मॅजिकमध्ये अधिकृत मजकूर म्हणजे ओरॅकल टेक्स्ट, तोच धरायचा, जपानी कार्ड असेल तरी तोच. आणि तुम्ही एक मिनिटापेक्षा जास्त थांबवलं तर तेवढा वेळ त्या टेबलाला वाढवून द्या, लिहून ठेवा, हे नवीन जज हमखास विसरतात.

प्रश्न कोणते घ्यायचे? नियमाचा प्रश्न घ्यायचा, सल्ल्याचा घ्यायचा नाही. "हे कार्ड त्या क्रीचरला टार्गेट करू शकतं का" याला उत्तर आहे. "आता मी हे टाकू का थांबू" याला "ते तुझं तू ठरव" एवढंच. कधी प्लेअर म्हणतो मला बाजूला विचारायचंय, तर त्याला बाजूला न्या, कारण त्याच्या प्रश्नावरूनच समोरच्याला त्याच्या हातात काय आहे ते कळून जातं.

रूलिंग द्यायचं ते स्पष्ट, तीन गोष्टी, काय चुकलं, आता पत्त्यांचं काय करायचं, पेनल्टी काय. आणि मग थांबायचं. प्लेअरला पटलं नाही तर त्याला हेड जजकडे अपील करायचा हक्क आहे, पण तुमचं रूलिंग पूर्ण झाल्यावर. अपील केलं म्हणून राग धरायचा नाही, उलट स्वतःच जाऊन हेड जजला बोलवून आणायचं आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं. हेड जज बोलला की विषय संपला. छोट्या स्पर्धेत तुम्ही एकटेच असता, मग तुम्हीच हेड जज, तेव्हा तर अजून सावकाश ऐका.

पायरी 4: चुका ज्या दर रविवारी होतातच

जास्तीचं कार्ड ओढलं. आधी लोकांना वाटतं की हा मोठा गुन्हा. पॉलिसीत याला हिडन कार्ड एरर म्हणतात, वॉर्निंग आहे आणि दुरुस्ती आहे. जास्तीचं कार्ड नेमकं कोणतं ते दोघांना माहीत असेल तर ते परत जागेवर जातं. माहीत नसेल, हातात मिसळून गेलं असेल, तर त्या प्लेअरने हातातली कार्डं समोरच्याला दाखवायची, समोरचा एक कार्ड निवडतो आणि बहुतेक वेळा ते लायब्ररीत (ओढायच्या कार्डांच्या गड्डीत) शफल होतं. यात समोरच्याला निवडायला मिळतं म्हणून चुकून फायदा झालेला असला तरी तो निघून जातो, मला पॉलिसीतली ही गोष्ट फार आवडते. नुसतं बघितलं, हातात मिसळलं नाही, म्हणजे शफल करताना एखादं कार्ड उलटं पडलं, तर ते लुकिंग अ‍ॅट एक्स्ट्रा कार्ड्स, लायब्ररीचा जो भाग माहीत नाही तो परत शफल करायचा, झालं.

ट्रिगर (ठरावीक गोष्ट घडली की आपोआप होणारा कार्डाचा परिणाम) विसरला. इथे वाद होतातच. ज्याचा ट्रिगर आहे त्यानेच लक्षात ठेवायचा, समोरच्याने आठवण करून द्यायची सक्ती नाही, आणि आठवण करून दिली नाही म्हणून तो चीटर ठरत नाही. पोरांना हे पचत नाही, "त्याला दिसत होतं तरी बोलला नाही". समजावून सांगा की हे कौशल्याचा भाग आहे. राहून गेलेला ट्रिगर फार जुना झाला नसेल तर तो आता होऊ द्यायचा की नाही हे समोरचा ठरवतो. आणि पेनल्टी? ट्रिगर स्वतःच्या फायद्याचा होता तर काहीच नाही, तो विसरला हेच त्याचं नुकसान. ट्रिगर स्वतःच्या तोट्याचा होता, म्हणजे दर टर्नला स्वतःचं एक लाइफ जाणार होतं आणि तेच विसरला, तर वॉर्निंग. रेग्युलरला इतकं ताणू नका.

बाकी खेळातली चूक, दोन माना लागत होते आणि एकातच टाकलं, तर गेम रूल व्हायोलेशन. लगेच सापडलं तर मागे जाता येतं, तीन टर्ननंतर सापडलं तर सहसा आहे तसंच पुढे चालू, कारण मधल्या काळात दोघांनी निर्णय घेतलेत, पत्ते ओढलेत, ते सगळं उलगडायला गेलं की नवीन अन्याय होतो. अर्धवट मागे जायचं, म्हणजे हे एक कार्ड परत घे आणि बाकी राहू दे, असं आपल्या मनाने करू नका. ज्याने चूक केली त्याला वॉर्निंग आणि समोरच्याला चूक दिसली नाही आणि खेळ तसाच पुढे गेला तर त्याला पण वॉर्निंग मिळू शकते. चूक करणाऱ्याकडून एकाच दिवशी तिसऱ्यांदा तसंच झालं तर त्याला गेम लॉस. म्हणून वॉर्निंग लिहून ठेवणं हे कामच आहे, नाव, राउंड, चूक, पेनल्टी. लक्षात ठेवीन म्हणाल तर चौथ्या राउंडला गरमीने डोकं काम करत नाही.

उशीर. राउंड सुरू झाला आणि माणूस खुर्चीत नाही, गेम लॉस, दहा मिनिटं झाली, मॅच लॉस. आपल्याकडे जेवणाच्या सुट्टीनंतर हे फार होतं, शेवभाजी आणि भाकरीचं जेवण असतं, ऑर्डर यायलाच अर्धा तास. सुट्टी पाऊण तासापेक्षा कमी देऊ नका आणि पाच मिनिटं आधी आवाज द्या.

पायरी 5: घड्याळ

मॅजिकला राउंड 50 मिनिटांचा. वेळ संपली की चालू टर्न पूर्ण होतो आणि मग दोघांचे मिळून पाच टर्न. शेवटच्या दहा मिनिटांत ज्या टेबलावर अजून पहिलाच गेम चाललाय तिथे जाऊन उभे रहा. कुणी एकच बोर्ड बघत विचार करत बसलाय आणि काही बदलत नाहीये तर त्याला म्हणा, "निर्णय घे आता". तरीही तसंच चाललं तर स्लो प्ले, वॉर्निंग, आणि ती मॅच वेळेबाहेर गेली तर दोन टर्न वाढवून. मुद्दाम वेळ काढतोय असं दिसलं तर ते स्टॉलिंग, ती फार वेगळी गोष्ट आहे, तिथे हेड जजला बोलवा. नवीन जज विचार करणाऱ्याला हटकायला लाजतात. लाजू नका, समोरच्या खुर्चीतल्या पोराचा वेळ चाललाय आणि तो स्वतः बोलू शकत नाही.

पायरी 6: फासा, पैज आणि बक्षीस

हॉलवाल्या काकांचा प्रश्न होता तो इथला. खालच्या गोष्टी स्पर्धेआधी मराठीत, साध्या शब्दात, सगळ्यांना सांगितल्याच पाहिजेत, कारण पोरं निरागसपणे करून बसतात.

वेळ संपली, 1-1 झालं, ड्रॉने दोघांचं नुकसान, मग एकजण म्हणतो "चल, छापा-काटा करू". हे चालत नाही. खेळाबाहेरच्या पद्धतीने विजेता ठरवला की मॅच जाते आणि नियम माहीत असून केलं तर डिस्क्वालिफिकेशन. स्वतःहून हार मानता येते, ती परवानगी आहे. दोघांनी मिळून ड्रॉ घेता येतो, तो पण चालतो. पण "तू हार मान, मी तुला अर्धे पॅक देतो" हे वाक्य तोंडातून निघालं की ती लाच. बक्षीस वाटून घेणं वेगळं, ते दोघांनी ठरवलं आणि त्याचा निकालाशी काही संबंध नसेल तर चालतं. फरक बारीक आहे म्हणूनच कुणाला बक्षिसाबद्दल बोलायचं असेल तर आधी जजला बोलवा आणि जजसमोर बोला, असा नियमच करून टाका. प्लेअरने बोलायच्या आधी विचारलं तर कधीच पेनल्टी नसते.

आणि मॅचवर पैज. दहा रुपयाची नाही, वडापावाची पण नाही. बघणाऱ्यांची पण नाही. आमच्या एका स्पर्धेत दोन बघणारे फायनलवर शंभर-शंभर लावत होते, दोघं ओळखीचे, दोघं मोठे. मी त्यांना दादा म्हणतो. तरी त्यांना हॉलच्या बाहेर पाठवलं, आणि ते मला जड गेलं हे खरं आहे, पण त्या दिवशी हॉलमध्ये सात-आठ आईवडील बसले होते.

पायरी 7: चीटिंगचा संशय

चूक आणि चीटिंग यात फरक मनाचा आहे. चीटिंग म्हणायला नियम मोडलेला पाहिजे किंवा जजशी खोटं बोललेला पाहिजे, ते चुकीचं आहे हे त्याला माहीत पाहिजे, आणि फायद्यासाठी केलेलं पाहिजे. पहिल्या वर्षी तुम्ही हा निर्णय एकट्याने घ्यायचाच नाही, डिस्क्वालिफाय करायचा अधिकार हेड जजचा. तुमचं काम एवढंच की जे दिसलं ते लक्षात ठेवणं. चौकशी करताना प्लेअरला बाजूला घ्या, सगळ्यांसमोर नको, आणि "तू चीटिंग केली का" असं विचारू नका, "मला मागचे दोन टर्न सांग, काय केलं तू आणि का" असं विचारा आणि ऐका. खूप वेळा ऐकल्यावर कळतं की पोराला कार्डच नीट वाचता आलं नव्हतं. गावात एकदा कुणाला चोर म्हटलं की ते वर्षानुवर्षं पुसलं जात नाही, हा शब्द टेबलावर कुणालाच वापरू देऊ नका.

पायरी 8: मित्र, भाऊ, शेजारी

मोठ्या शहरात जजला टेबलावर अनोळखी माणसं भेटतात. आपल्याकडे एका टेबलावर माझा आतेभाऊ आणि समोर माझ्या दुकानाच्या बाजूच्या दुकानदाराचा मुलगा. अशा वेळी लिहिलेली पॉलिसी हाच आपला आधार आहे. "मला वाटतं" ऐवजी "गाइडमध्ये असं आहे, हे बघ" म्हणता आलं की भांडण माणसामाणसात राहत नाही. दुसरा जज असेल तर भावाच्या टेबलावर त्यालाच पाठवा. नसेल तर समोरच्याला आधीच सांगा की हा माझा भाऊ आहे, नियम उघडून तुझ्यासमोर वाचतो. आणि ज्या कॉम्पिटिटिव्ह स्पर्धेत जज आहात तिथे स्वतः खेळू नका, एक रविवार खेळ सोडा.

स्पर्धा संपली की खुर्च्या लावायच्या आधी दहा मिनिटं बसा आणि वहीत लिहा, आज कोणते प्रश्न आले, कुठे नियम बघावा लागला, कुठे चुकलो. चुकलेलं रूलिंग लक्षात आलं तर त्या प्लेअरला त्याच दिवशी गाठून सांगा की मी चुकीचं सांगितलं होतं, बरोबर असं आहे. निकाल बदलत नाही, पण पुढच्या वेळी तो हात वर करायला कचरत नाही. माझ्या वहीत पहिल्या स्पर्धेची अकरा रूलिंग आहेत, त्यातली तीन चुकीची होती, त्या तिघांशी मी बोललो, आणि त्यातला एक आता धुळ्याच्या स्पर्धांना माझ्यासोबत फ्लोअर जज (हेड जजच्या हाताखाली टेबलांवर फिरणारा जज) म्हणून येतो.